बोट किती देते?

नवी बाईक घेतली की ऑफिसच्या पार्किंगमध्ये पहिला प्रश्न कुठला येतो? रंगाचा नाही, पिकअपचा नाही, ईएमआयचा तर नाहीच नाही. ‘किती देते?’ बास. आपल्याकडे गाडीची सगळी कुंडली या दोन शब्दांत मांडली जाते. पंचावन्न देते म्हटलं की समोरचा मान डोलावतो, पस्तीस म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर तुमच्याविषयी खरीखुरी कणव उमटते.

पण बोट किती देते, असं कुणी विचारलं तर?

मलाही हा प्रश्न आयुष्यात कधी पडला नव्हता. गेल्या मे महिन्यात कळंब्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो पडला आणि तीन विकेण्ड खाऊन गेला. शेड माझ्या कॉलेजच्या मित्राचं. हा पठ्ठ्या सोमवार ते शुक्रवार चाकणला एका ऑटोमोबाईल कंपनीत असतो, गाड्यांच्या डॅशबोर्डमागचं सर्किट हे त्याचं रोजचं काम. शुक्रवारी रात्री एसटी पकडायची आणि शनिवारी सकाळी कळंबा, हा त्याचा फंडा. त्याच्या पिढीतले बाकीचे विकेण्डला मॉलमध्ये असतात, हा पेट्रोलच्या वासात असतो. कारण शेडमध्ये बोट आहे. चौदा फुटी, फायबरची, मागे २५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पूर आला की लोकांना बाहेर काढणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका छोट्या ग्रुपची ही बोट, आणि तिला फ्युएल फ्लो मीटर बसवायचा त्याने चंग बांधलेला.

म्हणजे इंजिन तासाला किती लिटर पितंय आणि आतापर्यंत एकूण किती पिऊन झालं, हे आकड्यात सांगणारं मीटर. तुमच्या कारमध्ये हे फुकट मिळतं. नव्या फ्युएल इंजेक्शनवाल्या आउटबोर्डमध्येही इंजिनचा कॉम्प्युटरच हिशोब ठेवतो आणि स्क्रीनवर दाखवतो. पण जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनाला कसलाच कॉम्प्युटर नसतो. दोरी ओढायची, सुरू झालं तर देवाची कृपा. टाकी म्हणजे लाल रंगाचा चोवीस लिटरचा सुटा डबा, आणि मीटर म्हणजे तो डबा उचलून ‘हलका लागतोय रे’ म्हणणारा माणूस.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय अडलंय? हलका तर हलका. अडलं होतं ते २०१९ मध्ये.

नऊ लिटर

कोल्हापूरकर पावसाळ्यात शेअर बाजार बघत नाहीत, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले हे आमच्याकडे दुधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेवर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, सगळ्यांच्या बोटी उतरल्या. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना फारशी माहीत नाही: हायवे बंद म्हणजे टँकर बंद. शहरातल्या पंपांवर जे पेट्रोल उरलं ते अत्यावश्यक कामांसाठी राखून ठेवावं लागलं. चहूकडे पाणी आणि मध्ये पेट्रोलचा दुष्काळ.

त्या दिवसांत माझा मित्र या बोटीवर होता. मागे हँडलवर होते मामा. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, उद्यमनगरातले मेस्त्री. ऑइल इंजिन कानाने दुरुस्त करणारी जी एक पिढी कोल्हापुरात आहे, त्यातले. ग्रुपमधली सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात आणि ते सगळ्यांना ‘पोरांनो’ म्हणतात, त्यात तिशी ओलांडलेलेही आले.

तिसरी फेरी, संध्याकाळची वेळ. गावाच्या टोकाला एका घराच्या माळ्यावर म्हातारा-म्हातारी अडकलेत असा निरोप होता. अजून साधारण एक किलोमीटर पुढे. अंधार पडायला लागला होता. मामांनी पायाने टाकी हलवून बघितली आणि बोट वळवली. ‘पेट्रोल न्हाई पुरायचं.’ कुणी काही बोललं नाही. काठाला आल्यावर मित्राने टाकीत काठी घातली, मापून बघितलं. नऊ लिटर शिल्लक होतं.

ती दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बोटीने सुखरूप बाहेर आली. पण एक रात्र त्यांनी माळ्यावर काढली, खाली पाणी, वर पाऊस. मित्र म्हणतो, ‘नऊ लिटर मला अजून झोपेत दिसतं.’ मामांना हा विषय काढलेला आवडत नाही. त्यामुळे शेडमध्ये मीटरचा खोका उघडला तेव्हा ते बाहेर जाऊन तंबाखू मळत बसले होते. मीटर म्हणजे त्यांच्या त्या दिवसाच्या निर्णयावर लावलेली चौकशी समिती, असंच त्यांना वाटत असणार. मला तरी तसं दिसलं.

दोनशे रुपयांचा मोह

फ्लो मीटरचं तत्त्व अगदी सोपं. पेट्रोलच्या वाटेत एक चिमुकलं चक्र. पेट्रोल गेलं की चक्र फिरतं, चक्रातल्या चुंबकामुळे शेजारचा सेन्सर दर फेऱ्याला एक टिचकी देतो. ठरावीक टिचक्या म्हणजे एक लिटर. बाकी सगळी मोजणी.

इतकं सोपं असेल तर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो तो प्लॅस्टिकचा सेन्सर का नको, असं मी विचारलं. (इंजिनिअर मित्र असले की बावळट प्रश्न विचारायची मुभा असते, ती मी पुरेपूर वापरते.) उत्तर ऐकण्यासारखं होतं. पहिलं कारण, तो पाण्यासाठी बनवलेला असतो. त्याचं प्लॅस्टिक, त्यातलं रबर पेट्रोलमध्ये टिकेल याची कुणी हमी देत नाही. दुसरं, त्यातला सगळ्यात लोकप्रिय सेन्सर मिनिटाला एक ते तीस लिटर एवढा प्रवाह मोजतो. मिनिटाला एक म्हणजे तासाला साठ! आमचं २५ हॉर्सपॉवरचं धूड फुल्ल थ्रॉटललासुद्धा तासाला दहा-बारा लिटरच्या पुढे जात नाही. म्हणजे ते चक्र नीट फिरणारच नाही. बोटीसाठी खास बनवलेला सेन्सर महाग पडतो, पण घ्यायचा तर तोच. ग्रुपने वर्गणी काढली.

ट्रॉलरसारख्या डिझेल इंजिनांचं गणित आणखी वेगळं असतं. तिथे पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो, म्हणून जाताना एक आणि येताना एक असे दोन सेन्सर लावून वजाबाकी करावी लागते. आमच्याकडे परतीची वाट नाही. जे गेलं ते जळलं.

एक पाइप कापण्याची गोष्ट

पहिला शनिवार नुसता तयारीत गेला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून राहते. त्यामुळे टाकी आधी काढून अंगणात, बॅटरीची वायर सुटी, शेडचं दार सताड उघडं, मोबाइल बाहेर कट्ट्यावर. मला वाटलं होतं ड्रिल, ठिणग्या, हॉलिवूड. प्रत्यक्षात दोन तास फडक्याने पुसणं चाललं होतं.

मग जोडणी. टाकीपासून इंजिनापर्यंत एक पाइप, मध्ये हाताने दाबायचा रबरी फुगा, त्याने इंजिन सुरू करण्याआधी पेट्रोल वर चढवतात. या वाटेत आधी फिल्टर, मग सेन्सर, मग इंजिन, हा क्रम. फिल्टर आधी हवाच, नाहीतर टाकीतला एक कचऱ्याचा कण चिमुकल्या चक्रात अडकतो आणि मीटर मुकं होतं. सेन्सर उभा बसवायचा, बाण वरच्या दिशेला, म्हणजे हवेचा बुडबुडा आला तर आत अडकून न राहता वर निघून जाईल. इंजिनाच्या गरम भागापासून लांब. पाइप पेट्रोलसाठीचाच, क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या. नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप मित्राने हातातून काढूनच घेतली. तिचा धागा सुटून कार्बोरेटरमध्ये गेला की बोट भर पाण्यात बंद.

पाइप बदलायला आणखी एक कारण होतं आणि ते आमच्या उसातूनच आलेलं! २०२३ पासून देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. इथेनॉलचा एक मोठा वाटा साखर कारखान्यांतून येतो, तेव्हा कोल्हापूरकराने तक्रार करायची नसते. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला त्रास देतं. वर्षातले दहा महिने बोट उभीच. टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलखाली पाण्याचा थर बसू शकतो. म्हणून फिल्टरही साधा नाही, पाणी वेगळं काढणारा घेतला.

इथे पहिल्यांदा मामा आत आले. जोडणीकडे बराच वेळ बघून म्हणाले, ‘आधी दोन जोड हुते, आता सा झाले. कुठला हवा ओढंल त्याची गॅरंटी कोण देणार?’

मित्राचा चेहरा पडला. कारण मुद्दा बिनतोड होता. या वाटेत इंजिन पेट्रोल ओढून घेत असतं. त्यामुळे जोड सैल असेल तर दरवेळी पेट्रोल बाहेर ठिबकतंच असं नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. डोळ्याला काही दिसत नाही आणि इंजिन मात्र खोकून बंद पडतं. मोजायला बसवलेल्या यंत्रानेच बोट बंद पाडली तर काय करायचं? उपायही मामांनीच सांगितला: जुना पाइप फेकू नका, दोन्ही टोकांना झटकन लागणारे कपलर ठेवून पेटीत टाका. मीटरने दगा दिला तर अर्ध्या मिनिटात मीटर बाजूला, जुना पाइप जाग्यावर. मॅन्युअलमध्ये हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

फुगा दगडासारखा कडक होईपर्यंत दाबून ठेवला, पंधरा मिनिटांनी कडकच होता, कुठे थेंब नाही. मग इंजिनाचं शेपूट पाण्याच्या पिंपात बुडवून सुरू केलं. कोरडं चालवलं तर आतला पाण्याचा पंप जळतो. शेजारच्या काकू धूर बघून दोनदा येऊन गेल्या.

किचनमधला वजनकाटा

‘बाजूला कळंबा तलाव आहे, तिथेच टाका की बोट!’ हे मी म्हटलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. टू-स्ट्रोक इंजिन तेल मिसळलेलं पेट्रोल जाळतं, पन्नासास एक या प्रमाणात, आणि त्यातलं थोडं न जळताच पाण्यात जातं. कात्यायनीच्या डोंगरावरून येणारं पाणी प्यायचं आणि त्यातच हे सोडायचं? मुकाट टेम्पो बोलावला आणि पुढच्या रविवारी बोट पंचगंगेवर नेली.

नवीन मीटरवर लगेच विश्वास ठेवायचा नसतो. त्याला आधी खरा लिटर शिकवावा लागतो. आमची पद्धत देशी होती: मापाच्या भांड्यात एक लिटर तेलमिश्रित पेट्रोल घेऊन वजन केलं, साधारण ७५० ग्रॅम भरलं. मग टाकी काट्यावर. (मित्राच्या आईचा काटा. तो परत गेला तेव्हा त्याला जो वास होता त्यावर घरात वेगळी चर्चा झाली.) तासभर बोट चालवून टाकी पुन्हा काट्यावर. पावणेचार किलो घट, म्हणजे पाच लिटर. मीटर म्हणत होतं ४.४. म्हणजे बारा टक्के कमी. मीटरमध्ये तेवढी दुरुस्ती भरली, दुसऱ्या खेपेला फरक दोन टक्क्यांच्या आत आला. इंजिन नुसतं गुरगुरत असताना मात्र आकडा वेड्यासारखा उड्या मारतो. तेव्हा प्रवाह इतका कमी असतो आणि इंजिनाचा पंप तो इतका धक्क्याधक्क्याने ओढतो, की चक्राला नीट ताल सापडत नाही. त्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं.

आणि मग ती गंमत. आपली बाईकची अक्कल सांगते, हळू चालवा, पेट्रोल वाचवा. बोटीला हे लागू नाही! अगदी हळू असताना ती कमी पिते, ठीक. पण थोडा वेग दिला की नाक वर करते, मागचा भाग पाण्यात रुततो आणि ती स्वतःच उठवलेली लाट चढत बसते. तिथे पेट्रोल नुसतं जातं. आणखी वेग दिला की ती लाटेवर चढून पाण्यावरून सरकायला लागते आणि लिटरमागचं अंतर चक्क वाढतं. मोबाइलच्या जीपीएसवर वेग आणि मीटरवर लिटर बघत होतो. दोघं जण बसलेले असताना मधल्या वेगात लिटरला अडीच किलोमीटरही धड मिळत नव्हते, सरकायला लागल्यावर चारच्या आसपास. मित्र लहान पोरासारखा ओरडत होता.

मग आठ जण बसवले. बोटीची क्षमता तेवढीच. आता ती वर चढेचना. तासाला ८ लिटर पिऊन वेग फक्त १२ किलोमीटर. म्हणजे लिटरला दीड. तर मंडळी, बोट दीड देते. आणि पुरात ती नेहमी भरलेलीच असते.

प्रवाहाचं गणित

हे आकडे हातात आल्यावर घाटाच्या पायरीवर बसून मित्राने वही काढली. तो काय मांडतोय हे मला आधी कळलं, मामांना त्याच्याही आधी.

संथ पाण्यात एक किलोमीटर जाऊन येणं, ताशी १२ ने, दहा मिनिटं. पेट्रोल जेमतेम सव्वा-दीड लिटर. आता पाण्याला ताशी ८ किलोमीटर ओढ आहे असं धरा. प्रवाहाबरोबर जाताना वेग २०, तीन मिनिटांत पोचलात. येताना १२ मधून ८ गेले, उरले ४, पंधरा मिनिटं. एकूण अठरा मिनिटं, २.४ लिटर. अंतर तेवढंच, पेट्रोल जवळपास दुप्पट, आणि जवळजवळ सगळं येतानाच्या वाटेवर.

२.४. टाकीत काठाला शिल्लक होतं नऊ.

मित्राने वही मिटली. वाईट वाटेल असं काही बोलायचं त्याच्या मनात नव्हतं, पण आकडा पायरीवर पडलेलाच होता. मामांनी बराच वेळ नदीकडे बघितलं. मग म्हणाले, ‘आठ तू धरलंस. बारा धर.’

बारा धरलं तर गणित संपतं. बोटीचा वेग बारा, पाण्याचा बारा, बोट जागच्या जागी. इंजिन बोंबलत राहणार, मीटर लिटर मोजत राहणार आणि काठ तेवढाच लांब. त्या संध्याकाळी पाण्याची ओढ आठ होती की बारा, हे कुणी मोजलं नव्हतं. मामा ते अंगावर घेत होते, हँडलमधून. अंधार, वाहून येणारी झाडं, पंख्यात अडकणारे वेल, हे वहीत कुठे मांडायचं? जगभरचे बोटवाले एक जुना ठोकताळा पाळतात: टाकीचा एक भाग जायला, एक भाग यायला, एक भाग हात न लावता राखीव. चोवीस लिटरच्या टाकीत तो तिसरा भाग म्हणजे आठ लिटर. मामांनी हे कुठे वाचलेलं नाही. नऊ लिटर घेऊन ते काठाला आले होते.

मित्र काही बोलला नाही. पण तो पहिल्यांदाच नऊ लिटरकडे दुसऱ्या बाजूने बघत होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग मीटरचा उपयोग काय, असं मी विचारलं. उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं आलं आणि ते मामांकडून आलं. पुरात बोट घराला लागली की चौदा माणसं एकदम पुढे येतात. पोरं, म्हाताऱ्या, गाठोडी, शेळीसुद्धा. सगळे म्हणतात आम्हाला घ्या, कारण बोट पुन्हा येईल यावर कुणाचा विश्वास नसतो. खरं तर बोटवाल्याचाही नसतो. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटली, कितीतरी जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तिथे पेट्रोलचा प्रश्न नव्हता. पण ‘सगळ्यांना एकदाच घेऊ, पुढच्या फेरीचं पेट्रोल कुणी बघितलंय’ हा विचार प्रत्येक बोटीवर येतोच, असं मामा म्हणाले. ‘आकडा असला तर मी आठ घेऊन सहांना सांगू शकतो, बसा, अजून दोन फेऱ्यांचं त्याल हाय, मी येतोय. आणि मला सोताला ते खरं वाटंल.’

तिसऱ्या विकेण्डला मी शेवटची गेले तेव्हा शेडमध्ये मामा ब्रश घेऊन बोटीत वाकलेले होते. हँडलजवळ, आतल्या बाजूला, पांढऱ्या ऑइलपेंटने तीन ओळी रंगवत होते. भरलेली बोट, तासाला ८. राखीव ८, हात लावायचा नाही. तिसऱ्या ओळीवर अडले होते. प्रवाहाची ओढ कशी मोजायची यावर दोघांचा वाद चालला होता. मित्राला आणखी एक सेन्सर आणायचा होता. मामांचं म्हणणं, इंजिन बंद करून बोट मोकळी सोडायची, मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघायचा, झाली ओढ मोजून. मित्र दोन मिनिटं गप्प बसला.

‘हे आधी का नाही सांगितलं, मामा?’

‘तू आधी विचारलंस कुठं,’ मामा म्हणाले आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.